सेडानचा जोर

इंजिन कधी खोटं बोलत नाही, यावर अर्विड लिंडग्रेनची देवापेक्षा जास्त श्रद्धा होती. देवासाठी तो रविवारी तासभर चर्चमध्ये झोपत असे, एवढंच. त्रेसष्ट सालच्या सेडानचं बॉनेट उघडून मात्र तो पहाटेपासून जागा होता.

त्याची बायको मार्डेल जाऊन चार महिने झाले होते. शेजारणींनी सांत्वनाला येताना आणलेल्या जेवणाची अकरा भांडी धुऊन ओट्यावर ठेवलेली होती. कुठलं कुणाचं, ते त्याला माहीत नव्हतं.

फेब्रुवारीत तिच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा गावची एकुलती एक अँब्युलन्स दुसरीकडे गेली होती. अर्विडनं तिला सेडानमध्ये बसवलं. हॉस्पिटल चौतीस मैलांवर. ॲक्सिलरेटरचं पेडल पूर्ण दाबूनही पन्नास मिनिटं लागली.

"वीस मिनिटं आधी आला असतात तर," डॉक्टर म्हणाला, आणि वाक्य तिथंच सोडून पेन शोधायला लागला.

ती वीस मिनिटं या इंजिनातून निघाली असती का, एवढंच अर्विडला बघायचं होतं.

पेन्शनीत बसेल तेवढं तो करत गेला. नवे स्पार्क प्लग. ठिणगीचं टायमिंग दोन अंश पुढं. कार्बोरेटर उघडून रॉकेलमध्ये धुतला. भंगारातून रुंद सायलेन्सर आणला. प्रत्येक स्क्रूखाली वॉशर, कारण वॉशरशिवाय स्क्रू लावणारा माणूस त्याच्या लेखी माणूसच नव्हता. मार्डेललाही लग्नानंतर त्यानं आधी तेच शिकवलं होतं. दर शनिवारी तो घड्याळ लावून हॉस्पिटलपर्यंत जाऊन येई.

"किती?" रॉलीनं विचारलं. भंगारवाला रॉली रोज थर्मास घेऊन यायचा आणि सल्ला फुकट द्यायचा.

"एकोणपन्नास."

"चार महिन्यांत एक मिनिट! लेका, पायी गेला असतास तर तब्येत तरी सुधारली असती."

रॉलीनं कॉफी ओतली.

"एकोणनव्वद साली हीच गाडी खड्ड्यात घातलीस, तेव्हा किती वेगात होतास?"

"ऐंशी मैल."

"म्हणजे जोर होता की."

"त्या दिवसापर्यंत होता. तेव्हाच इंजिनाला मार बसला."

"आणि मार्डेलला?"

"सहा आठवडे प्लास्टर. पण एका शब्दानं बोलली नाही हं. उलट प्लास्टर निघाल्यावर गाडीतलं चिखलानं सडलेलं कार्पेट काढून तिनं स्वतः नवं बसवलं."

"सोन्यासारखी बाई," रॉली म्हणाला. मग कप खाली ठेवला. "बरं, पेडल दाबल्यावर कार्बोरेटरची झडप पूर्ण उघडते ना?"

"हातानं ओढली की उघडते."

"हातानं नव्हे. पेडलनं."

"पेडल दाबायला दुसरा माणूस लागतो, रॉली."

"आणि इतकी वर्षं?"

"मार्डेल दाबायची. पेडल तळाला गेलं की 'टेकलं' म्हणायची. झडप अर्धीच उघडायची. पायात ताकद नव्हती बिचारीच्या."

"सरक," रॉली म्हणाला आणि स्टिअरिंगमागं कसाबसा घुसला. गाडी त्याच्या बाजूनं चार बोटं खाली बसली. "टेकलं!"

अर्विडनं बॉनेटखाली वाकून पाहिलं. झडप अर्धीच उघडली होती.

"नीट दाब."

"अरे, दोनशे साठ पौंडांचा माणूस आहे मी. टेकलं म्हणजे टेकलं!"

अर्विड सरळ झाला. मग त्यानं रॉलीला उतरवलं, गुडघ्यांवर बसला आणि पेडलखालचं कार्पेट उचकटलं.

खाली पत्र्यावर दोन इंच जाडीचा लाकडी ठोकळा होता. दोन स्क्रूंनी पक्का बसवलेला. दोन्ही स्क्रूंखाली वॉशर होते.