रतनीच्या कानाशी

बायकोची साडी नेसून परमेश्वर म्हशीखाली बसला होता. डोक्यावर पदर, गुडघ्यात चरवी, हात कासेवर. रतनीने मान वळवून साडी हुंगली, मग वर त्याच्या मिशांकडे पाहिलं आणि लाथ झाडली. चरवी गडगडत गोठ्याच्या कुडाला जाऊन लागली.

"पाय कशाला हालवतो सारखा?" दावणीशी उभी असलेली त्याची आई, बायडाबाई, म्हणाली. "बबिता अशी बसती व्हय?"

धारेचा माणूस बदलला की म्हैस बिथरते. मग रोजच्या माणसाची कापडं अंगावर घालून तिला फसवायचं, ही बीडकडची जुनी रीत. बऱ्याच म्हशी फसतात. रतनी फसली नाही. रेडकू दगावल्यापासून ती एकट्या बबितालाच पान्हवायची, आणि बबिता परवापासून माहेरी नांदूरघाटला होती. तेव्हापासून दुधाचा थेंब निघाला नव्हता. कास तटतटून दगड झाली होती. आजची सकाळही अशीच गेली तर सड सुजून म्हैस कायमची कामातून जाणार, हे कळायला त्याला डॉक्टर नको होता.

डॉक्टरने त्याला वेगळंच सांगितलं होतं. छातीत धडधडतं, रात्री झोप लागत नाही, म्हणून तो बीडला दाखवून आला होता. "तुम्हाला काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "एका वेळी एकच काम करा. जे करताय त्यातच मन ठेवा." परमेश्वरने हे फारच मनावर घेतलं. मन कसं ठेवायचं याचे व्हिडिओ तो मोबाइलवर बघू लागला. दात घासताना रांजणाला मोबाइल टेकवून दात घासण्यावर ध्यान. जेवताना तांब्याला मोबाइल टेकवून घासावर ध्यान. धडधड होती तिथेच होती.

परवा सकाळी चहाचं ध्यान चाललं होतं. डोळे मिटून एकेक घोट. बबिता फोनवर बोलत घाईघाईने आत आली आणि म्हणाली, "आमची आई पडलीय. मला नांदूरघाटला सोडता का?" परमेश्वरने डोळे न उघडता तळहात वर केला. थांब. चहा संपवून त्याने डोळे उघडले तेव्हा चुलीपुढे कुणी नव्हतं. ती चालत फाट्यावर जाऊन एसटीत बसली होती. त्यानंतर तिने त्याचा एकही फोन उचलला नव्हता.

"धार काढताना ती रतनीशी बोलत असती," बायडाबाई म्हणाली. "तेच बोल की तू."

"काय बोलती?" त्याने ओरडून विचारलं. म्हातारीला कमी ऐकू यायचं.

"मला मेलीला काय ऐकू येतंय? तोंड हालताना दिसतं. तू तर रोज हितं बाजंवर बसलेला असतो."

बसलेला असायचा, हे खरं होतं. बाज म्हशीपासून हाताच्या अंतरावर होती. तिथे बसून मोबाइलवर काय काय पाहिलं ते सगळं त्याला आठवलं. बबिताचा एक शब्द आठवेना. "हो माय, हो बाई," तो उगीच म्हणाला. रतनीने पाय आपटला. त्याला स्वतःची लाज वाटली.

"माझ्या डबड्यावरनं लाव," बायडाबाईने कमरेचा बटणांचा फोन काढून दिला. "माझा उचलती ती."

पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला. "बोला आत्याबाई."

"मी हाय," परमेश्वर घाईने म्हणाला. "ठेवू नको. रतनी पान्हवंना. कास दगड झालीय. तू तिला काय म्हणत असती?"

"रोज तिथंच असता की तुमी."

"असतो," तो म्हणाला. "पर ऐकलं न्हाई कधी."

पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "फोन तिच्या कानाशी धरा."

त्याने आवाज मोठा केला आणि फोन आईकडे दिला. बायडाबाईने तो रतनीच्या कानाशी धरला. परमेश्वर पुन्हा खाली बसला.

"रतने, माझी माय," बबिता म्हणाली. आवाज अगदी साधा होता, शेजारणीशी बोलावं तसा. "आईच्या मांडीचं हाड मोडलंय गं. रातभर माझा हात सोडला न्हाई तिनं. भाऊजय इचारती, किती दिस ऱ्हाणार? मी म्हणलं, बघू. तिकडं तरी कोन वाट बघतंय? तुझं रेडकू गेलं तवा तुझ्याच गळ्यात पडून रडले मी. घरात माणूस हाय, लई चांगला हाय, मारत न्हाई, पीत न्हाई. पर सांगायला गेलं की त्याची मान वर व्हत न्हाई. मग तुला सांगती. तू कान तरी हालवती."

रतनीने कान हलवला. तिचे डोळे अर्धे मिटले. परमेश्वरच्या बोटांखाली सड मऊ झाले आणि पहिली धार चरवीच्या बुडावर वाजली. त्याचा पाय हलायचा कधी थांबला, त्याला कळलं नाही. बबिता बोलत राहिली. परसातल्या शेवग्याबद्दल, पाठीत उठणाऱ्या कळेबद्दल, त्याने कधीच न विचारलेल्या कितीतरी गोष्टींबद्दल. फेस चरवीच्या काठाला आला.

मग धार बारीक झाली, तुटली. कास रिकामी झाली होती. रतनी रवंथ करू लागली.

"झालं का?" फोनमधून बबिताने विचारलं. "निघालं का समदं?"

बायडाबाईला ऐकू आलं नाही. ती नुसती लेकाकडे बघत राहिली.

"न्हाई," परमेश्वर म्हणाला. त्याचे हात रिकाम्या सडांवर तसेच होते. "आजून उतरतंय. तू बोल."