बारावी डबी

"अय्यो, खाल्लं की हो, अनिरुद्धराव!" हरिप्रिया नाचायचीच बाकी होती. गाजरगवत फस्त करणारे भुंगे पानांवाचून वाढवायला तंजावूरच्या त्या प्रयोगशाळेत दोघं तीन वर्षं झटत होती. त्र्याण्णवच्या त्या सकाळी अकराही काचेच्या डब्यांत त्या भुंग्यांच्या अळ्यांनी पानांऐवजी दिलेला चणापिठाचा लगदा कुरतडला होता.

बाराव्या डबीत तुलनेसाठी नुसता लगदा असायचा, अळी सोडायचीच नाही. हरिप्रियानं हसतच ती उचलली.

त्यातलाही लगदा अर्धा संपला होता. झाकण बंद करायला लावलेलं मेण मात्र शाबूत होतं.

"वाळून आक्रसला असेल," अनिरुद्धराव पुटपुटले.

तिनं काचेवर बोट टेकलं. आतून बारीक कुरकुर ऐकू आली. लगद्यात एक चर पडत निघाला, थेट तिच्या बोटाकडे.

तिनं बोट डावीकडे सरकवलं.

चरही वळला.