नऊशे मीटर

"चारशे मीटर," ओइवा म्हणाला.

"नऊशे," सायमी म्हणाली. "घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत नऊशे, आणि तळ्याशी एक वळण."

दुकानदार काउकोने वहीत नऊशे लिहिलं. आजारी बायकोच्या तोंडी कोण लागणार, असं ओइवाला वाटलं. बावन्न वर्षं तो स्वतः त्या रस्त्यावरचा बर्फ काढत आला होता. त्याला ठाऊक नसेल तर कोणाला?

दुकानाच्या अंगणात ट्रॅक्टरला जोडायची अवजारं ओळीनं मांडली होती. ओइवा सरळ पात्यापाशी गेला.

"हे पुरे. माझ्या बापानं सगळी हयात पात्यावर काढली."

"काका, पातं बर्फ नुसता बाजूला ढकलतं," काउको म्हणाला. "फेब्रुवारीपर्यंत दोन्ही कडांना भिंती चढतात. मग धडका मारत बसायचं. एकट्या माणसाचं काम नाही ते."

एकट्या माणसाचं. ओइवाला ते लागलं. म्हणजे गावभर झालं होतं तर. सोमवारी नगरपालिकेची गाडी सायमीला कायमची शुश्रूषागृहात न्यायला येणार होती, आणि रस्ता मोकळा नसेल तर गाडी वर चढणार नव्हती. बायकोला घालवण्यासाठी तो स्वतःच्या हातानं रस्ता साफ करणार होता. या विचारानं त्याला रात्ररात्र झोप येत नसे.

डिसेंबरात पालिकेच्या दोन बायका येऊन स्वयंपाकघरात बसल्या होत्या. वर्ष कोणतं, महिना कोणता, असलं काहीबाही विचारत होत्या. ओइवानं खडाखड उत्तरं दिली. सायमी मात्र खिडकीकडे तोंड करून रडत होती. काय ते त्याला तेव्हाच कळलं.

तशी कुणकुण आधीपासून होती. रस्त्याची कड कळावी म्हणून हिवाळ्याआधी दोन्ही बाजूंना काठ्या रोवतात. या वर्षी त्या अर्ध्या वाटेत वळून सरळ तळ्याकडे गेल्या होत्या. त्या काठ्यांच्या भरवशावर कोणी ट्रॅक्टर हाकला असता तर थेट पाण्यात गेला असता. नोव्हेंबरात ट्रॅक्टर शेडच्या खांबावर आदळलेला सापडला. ओइवानं सायमीला एका शब्दानं विचारलं नाही. तिनंही विषय काढला नाही. तेव्हापासून ट्रॅक्टरची किल्ली मात्र ती एप्रनच्या खिशात लपवून ठेवी. वस्तू लपवणं हेही त्या दुखण्यातलंच, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं.

"हे घ्या," काउको एका लाल यंत्रावर थाप मारत म्हणाला. "बर्फ गिळतं आणि वरच्या नळकांड्यातून वीस मीटर लांब फेकतं. कडेला भिंत होतच नाही."

"मागं जोडायचं?" सायमीनं विचारलं.

"मागं जोडलं तर सगळा रस्ता उलटं हाकायचं, मान वळवून. तुमच्या मानेला नाही झेपायचं, काकू. पुढं जोडू. समोर बघायचं आणि जायचं."

"नळकांडं कसं फिरतं?"

"या दांड्यानं. बघा ना, बोटानं फिरतं."

सायमीनं हातमोजा काढून दांडा फिरवला. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. काउको शाळेतल्या मास्तरासारखा शेजारी उभा होता. बाईचं मन राखतोय बिचारा, असं ओइवाला वाटलं. पोर बापासारखंच मायाळू निघालं.

"आणि एक ध्यानात ठेवा," काउकोचा आवाज खाली आला. "इंजिनाला यंत्राशी जोडणारा हा शाफ्ट फिरत असताना खाली उतरायचं नाही. कितीही घाई असो. स्कार्फचं टोक गुंतलं की संपलं. मागल्या वर्षी पलीकडच्या गावात..."

"कळलं," सायमी म्हणाली आणि तिनं स्कार्फचं टोक कोटात खोचलं.

ओइवाच्या अंगावर काटा आला. किल्ली हिच्या खिशात, यंत्र उद्या शेडमध्ये, आणि सोमवारला अजून चार दिवस.

ते चार दिवस त्यानं तिला नजरेआड होऊ दिलं नाही. ती शेडकडे निघाली की हाही मागोमाग.

"सावली झालायस माझी," ती एकदा म्हणाली आणि हसली. मग तोंड फिरवून भांडी घासू लागली.

शुक्रवारी काउकोनं यंत्र आणून जोडून दिलं. जाता जाता त्यानं ट्रॅक्टरची बैठक बरीच पुढं सरकवली. ओइवाचे गुडघे आता स्टिअरिंगला लागणार होते. पोरगं सांगूनही ऐकणाऱ्यातलं नव्हतं.

रविवारी दिवसभर बर्फ पडला. सोमवारी पहाटे ओइवाला जाग आली तेव्हा अंथरुणात शेजारी कोणी नव्हतं. बाहेर इंजिन घरघरत होतं.

तो तसाच अनवाणी पायरीवर धावला. शाफ्ट, स्कार्फ, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"सायमी!"

ती शेडच्या दारात उभी होती, धडधाकट. इंजिन तिनं नुकतंच बंद केलं होतं. तिच्या मागं रस्ता मोठ्या रस्त्यापर्यंत लख्ख मोकळा झाला होता आणि काठ्या आता दोन्ही कडांना नीट ओळीत उभ्या होत्या. हे आपण काल रात्री केलं असणार, असं ओइवाला वाटलं. मग आपण कधी झोपलो, ते मात्र आठवेना.

"पायात काहीतरी घाल," सायमी म्हणाली. "कॉफी ठेवते."

कॉफी झाली. वेलदोड्याचा पाव त्यानं तसाच बशीत ठेवला. दाराशी तपकिरी बॅग भरून ठेवली होती. ती सायमीनं स्वतःच भरली होती. आपण कुठं जातोय हे तिला माहीत तरी आहे का, या विचारानं त्याला भडभडून आलं.

दहा वाजता गाडी वर आली. पिर्यो नावाची नर्स उतरली. ओइवा बॅग घेऊन पुढं झाला आणि हळूच म्हणाला, "तिला वाटतंय, आपण बहिणीकडे जातोय. घाबरवू नका हं तिला. फार भित्री आहे."

पिर्योनं सायमीकडे बघितलं. सायमी बर्फाकडे बघत होती.

"नाही घाबरवणार," पिर्यो म्हणाली.

ओइवानं बॅग गाडीत ठेवली आणि सायमीला चढायला हात द्यायला तो वळला. ती जागची हलली नाही. तिच्या अंगात कामाचा जुना कोट होता, पायात शेडमधले बूट होते, आणि हातमोज्यात ट्रॅक्टरची किल्ली होती.

मागून कोणीतरी ओइवाचा कोपर अलगद धरला.

"दाढीचं सामान वरच्याच कप्प्यात ठेवलंय, ओइवा," सायमी म्हणाली.