यादीतली दोन नावं

"हे," टेझिरानं त्रेचाळिसाव्या नावावर बोट ठेवलं. "आणि त्याच्या खालचं. दोघी इथं राहत नाहीत."

यादी फणसाच्या झाडाला ठोकली होती. खाली टेबल टाकून निवडणुकीचा कारकून मुगेर्वा बसला होता. त्यानं उठून नावं वाचली. फेडेरेसी, आणि तिची नात नामुली.

"फेडेरेसी म्हणजे तुमची..."

"सवत. म्हणा की! लाजता काय?"

मुगेर्वा हसला नाही. "राहत नाहीत म्हणजे?"

"दोन महिने झाले, दलदलीपलीकडं लेकीकडं मुक्काम. लेक बाळंत झालीय. जो ज्या गावात राहतो त्यानं तिथंच नाव घालायचं, हे तुम्हीच सांगितलंत ना?"

"बाळंतपण उरकलं की येतील परत."

"येतील तेव्हा येतील. आज आहेत का?"

नियम तिच्या बाजूचा होता. नोंदणीला माणसानं स्वतः यायचं, घर सांगायचं, अंगठा द्यायचा. मग यादी झाडावर लागायची. हरकत असेल त्यानं लेखी द्यायची. ज्याच्यावर हरकत, त्याच्या नावाची चिठ्ठी त्याच झाडावर. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो आला नाही, तर नावावर काट.

टेझिरानं अर्ज लिहून दिला. अक्षर तिचं वळणदार. फेडेरेसीला वाचता येत नव्हतं. तिच्या मुलाची कंपालाहून पत्रं यायची तेव्हा टेझिराच वाचून दाखवायची, आणि न लिहिलेले दोन गोड शब्द पदरचे घालायची. त्याला नऊ वर्षं झाली. नवऱ्यामागं केळीच्या बागेची वाटणी झाली, झऱ्याजवळचा तुकडा फेडेरेसीच्या मुलाला गेला, आणि दोघींचं बोलणं तुटलं.

आता त्याच झऱ्याभोवती विटांसाठी माती खणत होते. हंड्यात पाणी यायचं ते दुधाळ. गावचा अध्यक्ष झिरिमू. शिक्का त्याच्याकडं, खणायची परवानगीही त्याचीच. तो पुन्हा निवडून आला तर झरा वर्षभरसुद्धा टिकणार नव्हता. म्हणून टेझिरा त्याच्याविरुद्ध उभी राहिली होती.

आणि फेडेरेसी लेकीकडून नाव नोंदवण्यापुरती आली ती झिरिमूच्या मोटरसायकलवर बसून. तिच्यामागं नामुली. तिघं कशावरून तरी हसत होती. टेझिरानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

त्याच दिवशी झऱ्यावर बायकांनी फेडेरेसीला छेडलंही. "काय गं, मत गहाण टाकलंस वाटतं?"

"गुडघे दुखतात माझे," फेडेरेसी म्हणाली. "गाडी कुणाची का असेना, बसायला बरी."

"ऐकलंस?" शेजारची रोबिना टेझिराला म्हणाली. "लाजसुद्धा नाही."

हरकत दिल्याच्या दुसऱ्या दिवशी नामुली दारात आली. डोक्यावर कच्च्या केळ्यांचा भला मोठा घड. तो उतरवून तिनं रीतीप्रमाणे गुडघे टेकले.

"जाजानं पाठवलाय. झऱ्याजवळच्या बागेतला."

"तुझ्या आजीला आज बरी आठवण झाली! कशाला?"

"जाजा म्हणाली, विचारलं तर सांग, मतदानाच्या दिवशी बोलते."

"मग त्याच दिवशी बोलू दे. घड परत ने."

पोरगी लगेच उठली नाही. "मी पहिल्यांदाच मत देणार आहे, धाकटी जाजा."

दलदलीची वाट फणसाच्या झाडावरून जात नव्हती. चिठ्ठी हिनं पाहिलेली नाही, हे टेझिराला कळलं. आजीला घेऊन उद्या दुपारच्या आत झाडाखाली ये, एवढं एक वाक्य तिच्या ओठाशी आलं.

"जड आहे," ती म्हणाली. "सावकाश ने."

दुसऱ्या दिवशी दुपारी नावांवर काट बसली. टेझिरा बघायला गेली नाही. त्या रात्री तिनं केळी शिजवली, पण पानात तशीच राहिली.

गावच्या निवडणुकीला आमच्याकडं कागद नाही, पेटी नाही. शाळेच्या मैदानात उमेदवार उभे राहतात आणि ज्याला जो हवा त्याच्या मागं तो रांगेत लागतो. उमेदवारानं वळून बघायचं नाही. वळला की लोक म्हणतात, ताटात किती वाढलंय ते बघतोय.

टेझिरा समोर बघत उभी राहिली. मागं पावलं वाजत होती, लुगडी सळसळत होती, कुणीतरी शिंकलं. वळायला बंदी होती, पण तिरकं बघायला नव्हती. झिरिमूची रांग तिनं दोनदा न्याहाळली. फेडेरेसीच्या डोक्यावरचा पिवळा रुमाल त्यात नव्हता. काट बसल्याचं कळलं असणार. आलीच नाही. टेझिराला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. निवडून आले, की आधी तिच्याकडं जायचं. घड मागून घ्यायचा.

मुगेर्वानं झिरिमूची रांग मोजली. अठ्ठावन्न.

मग तो टेझिराच्या रांगेला लागला. एकेका खांद्याला हात लावत, मोठ्यानं. आवाज लांब लांब गेला.

"सत्तावन्न... अठ्ठावन्न... एकोणसाठ!"

बायकांनी जिभा वळवून आरोळ्या ठोकल्या. रोबिना नाचायलाच लागली.

"थांबा!" झिरिमू ओरडला. "शेवटच्या दोघींची नावं बघा यादीत!"

मुगेर्वानं पानं उलटली. बराच वेळ उलटली.

"नावं कापलेली आहेत," तो शेवटी म्हणाला. "हरकत आली होती. दोघींनी बाजूला व्हा. टेझिरा, सत्तावन्न."

टेझिरा वळली नाही. मागून दुखऱ्या गुडघ्यांची एक चाल रांगेच्या कडेनं हळूहळू पुढं आली आणि तिच्या खांद्याशी थांबली.

"धाकटे," फेडेरेसी म्हणाली, "आमची नावं कुणी कापली गं? तेवढं वाचून सांग ना."