आईचे टाके
विरारच्या शाळेत सांघिक गणित स्पर्धा होती. मी माझ्या मुलीला, ज्ञानदाला घेऊन पोचलो, तर दारातच तिच्या संघाचा कॉलेजवाला मेंटर अल्पेश आडवा आला. "काका, ज्ञानदा सरावाला आली नाही. तिच्या जागी दुसरी मुलगी घेतलीय. टीमचा टी-शर्ट तेवढा द्या." "तिची आई गेली. सुतक होतं. कळवलं होतं तुला." "इमोशनल नका होऊ, काका. टीमचं बघावं लागतं." गणवेशावरचा टी-शर्ट ज्ञानदाने काढून दिला. ढगळ होता म्हणून तिच्या आईने हॉस्पिटलच्या खाटेवर बसून दोन्ही बाजूंनी टाके घातले होते. दाराशी नोंदणीच्या टेबलावर पडलेली कात्री मी अल्पेशच्या हातात कोंबली. "नव्या मुलीला घट्ट होईल. उसव माझ्या बायकोचे टाके, आमच्यासमोर." त्याने खरंच कात्री उघडली. ज्ञानदाने टी-शर्ट हिसकावला, पुन्हा अंगात घातला. "चला पप्पा, आत बसू." प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत, संघापाशी थांबलेल्या अल्पेशच्या समोर बसलो. पडद्यावर गणित येताच तिने पेन्सिल काढली.