चुलीचा पोपडा

गुणवंतीच्या नखांत चुलीची माती भरलेली होती. सोनूबाई सुइणीने ती बघितली आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं.

सासू, बकुळा, बाहेर उभी राहिली. चूल खरवडून माती खाताना सुनेला तिनेच पकडलं होतं. माती कोण खातं हे मिरकरवाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक: डोहाळे लागलेली बाई. त्यात गणपतीपासून पाळी नाही. आणि नवरा, खंडू, दोन वर्षं मोठ्या बोटीवर खलाशी. शिमग्याला तो घरी यायचा होता. त्याच्या आत माहेरची वाट धरायची, पुन्हा तोंड दाखवायचं नाही, असं सासूने बजावलं होतं. दवाखान्यात नेलं तर गावभर बोभाटा, म्हणून सुईण.

गुणवंती आढ्याकडे बघत पडून होती. तिने कधी कोणाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. पण चाळिशी उलटलेलं आपलं शरीरच आपल्यावर उलटलं, तर बाईने सांगायचं कोणाला? मातीचा वास आला की जीभ ऐकतच नव्हती. रडायचं म्हटलं तरी धाप लागायची.

सोनूबाईने पोट चाचपलं. डोळ्याची खालची पापणी ओढून आत पाहिलं आणि दार उघडलं.

“पोटात काय नाय, बकुळाबाय. पाळी वयानं सरली. अंगात रगातच नाय हिच्या, म्हणून माती खावीशी वाटते. बांगड्याची डोकी घाला हिला, काट्यासकट बारीक मासळी घाला, कलेजी घाला. ताटात काय पडतं हिच्या?”

सगळ्यांचं झाल्यावर खरकटं कालवण पडायचं. बकुळाला हुंदका फुटला. तिने सुनेला पोटाशी धरलं, लग्नानंतर पहिल्यांदाच.

“भगवतीला बोललेय मी,” ती डोळे पुसत म्हणाली. “सून निर्मळ निघू दे, ती वर्सभर वशाटाला, मासळी-मटणाला शिवणार नाय.”

सोनूबाईने परोपरीने समजावलं. पण देवीला दिलेला शब्द, तो कोण मोडणार? शेवटी ती पिशवी उचलून निघून गेली.

बकुळाने सुनेला हाताला धरून चुलीपाशी बसवलं. सुनेची नजर कुठे खिळलीय ते तिने ओळखलं. वाकून तिने चुलीचा चांगला जाडसा पोपडा काढला आणि सुनेच्या हातावर ठेवला.

“खा गो बाय,” ती मायेने म्हणाली. “आता कोनाचं भ्याव?”