समासातल्या तारखा

जुनं पुस्तक शिवायला घेण्याआधी मी समासातल्या पेन्सिलीच्या खुणा पुसून काढतो. लोक पुस्तकात काय वाट्टेल ते लिहितात, फोन नंबरसुद्धा. दुकानात आलेल्या एका आजोबांनी आणलेल्या स्तोत्रसंहितेत मात्र तारखा होत्या. एकाच स्तोत्राशेजारी, वरपासून खालपर्यंत, बारीक अक्षरात. जुलमी माणसाच्या हातून देवाने सोडवावं, अशी विनवणी होती त्या स्तोत्रात.

"आजोबा, या पुसायच्या ना?"

"बघू." पुस्तक त्यांच्या बायकोचं. ती जाईपर्यंत त्यांनी ते कधी उघडलंही नव्हतं. चष्मा चढवून ते एकेक तारीख वाचू लागले.

"ही मुलीच्या निकालाची," ते पुटपुटले. "ही आमच्या लग्नाच्या वाढदिवसाची."

"काय झालं होतं त्या दिवशी?"

त्यांचं बोट पुढच्या तारखेवर सरकलं.

"शेवटची अकरा वर्षांपूर्वीची दिसते," मी म्हणालो. "पुढे एकही नाही."

"त्याच संध्याकाळी मला झटका आला." त्यांनी मांडीवर पडलेल्या लुळ्या उजव्या हाताकडे पाहिलं. "हा परत कधी उचललाच नाही. पुढची दहा वर्षं, जाईपर्यंत, तिने मला घास भरवला. यातलं एक अक्षर कधी बोलली नाही."

मी खोडरबर उचलला.

"पुसून टाकतो, आजोबा. कुणाला कळणार नाही."

त्यांनी डावा हात घाईघाईने त्या समासावर ठेवला.

"नको. घरात तिचं अक्षर एवढंच उरलंय."